एका शनिवारी एकच प्रश्न

आमच्या सिंगापूरमधल्या पुंगोलच्या घरी वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची ओढली, की मला सबनीसकाका आठवतात. इतरांना अशा वेळी शिव्या आठवतात. मला आठवतात ते चीर दिलेले टेनिसचे बॉल आणि जमिनीवर फतकल मारून ते खुर्चीच्या पायांना बुटांसारखे चढवणारे साठी ओलांडलेले गृहस्थ. त्यांच्या घरात खुर्ची ओढल्याचा आवाज कधी झाला नाही. मिक्सरखाली घडी घातलेला टॉवेल, दाराच्या चौकटीला फोमच्या पट्ट्या, कपाटांच्या आतून कापडाचे तुकडे. पाहुणा आला, तर घर इतकं गप्प का म्हणून तो बिचारा आपोआप हळू बोलायला लागायचा.

मी पोस्टडॉक म्हणून सिंगापूरला आलो तेव्हा बायको आणि मुलगी नाशिकलाच होत्या. टॅम्पिनीसला एका फ्लॅटमधली एक खोली मला भाड्याने मिळाली. दुसऱ्या खोलीत अनंत सबनीस राहत. पहिल्या दिवशी मी बॅग ओढत आत आलो. ते स्वयंपाकघरात पाठमोरे उभे राहून वरणाला फोडणी देत होते. मान न वळवता म्हणाले, "या. तुमच्या बॅगेचं उजवं चाक गेलंय."

मी खाली वाकून पाहिलं. खरंच गेलं होतं.

काका पेशाने आवाजाचे इंजिनिअर. म्हणजे आवाज कमी करण्याचे. उमेदीची वर्षं पुण्याजवळच्या एका जनरेटरच्या कारखान्यात सायलेन्सर तयार करण्यात गेली. मग इथल्या एका लहानशा कंपनीने बोलावलं. इमारतींचे जनरेटर, एसीचे डक्ट, पाण्याचे पंप, जे जे म्हणून घोंघावतं ते ते गप्प करायचं, हे त्यांचं काम. "आवाज मारायचा नसतो हो," ते सांगायचे, "दमवायचा असतो. त्याला या खोलीतून त्या खोलीत फिरवायचं, थंड करायचं, आणि मग दारातून सोडायचं. मारायला जाल तर तो भिंत फोडून बाहेर येईल." हे सांगताना ते हाताने हवेत खोल्या दाखवत. ऐकणारा मी एकटाच असायचो, तरी खोल्या दर वेळी नव्याने दाखवल्या जायच्या.

त्यांच्या कामाची एक रीत होती. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, मोजणीचं यंत्र पिशवीतून बाहेर काढण्याआधी ते तीन प्रश्न विचारायचे. आवाज कुठे होतो? तो कोणाला ऐकू येतो? आणि ऐकणारा कुठे उभा असतो? तिसऱ्या प्रश्नावर त्यांचा फार भर. "लोक यंत्राला नावं ठेवतात, आणि ऐकणाऱ्याला कोणी विचारतच नाही," असं म्हणून ते नाकातून एक छोटा हुंकार काढायचे. तो एवढाच आवाज त्यांनी स्वतःला माफ केला होता.

एकदा रविवारी मला कामावर सोबत नेलं. बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोमध्ये एका चिनी बाईंची तक्रार होती की बेडरूममध्ये सतत गुंऽऽ असा आवाज येतो, डोकं फुटायची वेळ आली आहे. काकांनी तीन प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला बाई इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाल्या, "आय स्टँड एव्हरीव्हेअर लॉर. नोबडी एल्स हिअर." मुलगी लंडनला गेली होती, नवरा वारला होता. काका बेडरूममध्ये एका स्टुलावर डोळे मिटून बसले. मी घड्याळाकडे बघायला लागलो. मग त्यांनी उठून वरच्या मजल्यावरच्या पंपाचं निदान केलं, त्याखाली रबर घालायची व्यवस्था लावून दिली, आणि निघताना बाईंना सांगितलं की दिवसा रेडिओ चालू ठेवा.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी विचारलं, "काका, रेडिओ कशाला?"

"पंप काय आज बसवलाय? तो पहिल्यापासून तसाच आहे. घरात माणसं होती तोवर त्यांना तो ऐकू येत नव्हता."

त्यांचं स्वतःचं घरही असंच झालं होतं, हे मला हळूहळू कळत गेलं. शैलाकाकू मी येण्याच्या आदल्या वर्षी गेल्या. एकुलता एक मुलगा अमेय अमेरिकेत, टेक्सासमध्ये. बापलेकांत भांडण म्हणाल तर कधीच नव्हतं. भांडायलाही काहीतरी बोलावं लागतं. आमच्या मराठी घरांत वडील फोनवर जे बोलतात तेच काका आयुष्यभर बोलत आले होते: "काय, कसा आहेस? बरं. थांब, आईला देतो." पुढचं सगळं आई बोलायची आणि मग जेवताना वडिलांना त्यातलं निवडक सांगायची. मुलाची नोकरी, घर, केटी नावाच्या मुलीशी लग्न, सगळं काकांना असं ताटावर कळलं होतं.

काकू गेल्यावर अमेयचा पहिला फोन आला, त्याची हकिकत काकांनी मला एका संध्याकाळी भाजी निवडताना सांगितली. "कसा आहेस, झालं. जेवलास का, झालं. मग दोघंही गप्प. आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, थांब, आईला देतो." त्यांनी मेथीची एक जुडी सोडवली. "फोन हातात धरून मी तसाच उभा. तिकडे तोही उभा असणार. बराच वेळ कोणी ठेवला नाही." मीही एक जुडी पुढ्यात ओढली.

त्यानंतर फोन सणावारी यायला लागले. दिवाळी, वाढदिवस, आणि काकूंचा दिवस. प्रत्येक वेळी दोन मिनिटांत आटपायचे. काका मात्र शनिवारी सकाळी आंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसायचे. आपल्याकडे शनिवारची सकाळ म्हणजे त्याच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ, कामावरून सुटून घरी आलेला असतो, एवढं गणित त्यांनी करून ठेवलं होतं. फोन यायचा नाही. मग ते शर्ट बदलून खाली कॉफी प्यायला जायचे.

आणि एका शनिवारी फोन आला. सणवार काही नसताना. मी स्वयंपाकघरात होतो, काकांनी घाबरून फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, तुम्हाला एक टेक्निकल विचारायचंय," अमेय म्हणाला. "बंदुकीच्या सायलेन्सरचं तुम्हाला काही कळतं का?"

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कॉलेजात एनसीसीच्या रायफलचा एकदा खांद्याला जोरात दणका बसला, तेवढाच त्यांचा बंदुकीशी संबंध. त्यातून राहतात कुठे, तर सिंगापुरात, जिथे खिशात रिकामं काडतूस सापडलं तरी भलतीच भानगड होते. पण अमेयच्या तिथे ते कायद्यात बसत होतं. सरकारी परवानगी, बोटांचे ठसे, फोटो असं सगळं रीतसर करून घेता येत होतं. मित्राच्या शेतावर रानडुकरं धुडगूस घालत, ती हाकलायला हे लोक जात, सीझनमध्ये हरणाची शिकार करत. अमेयकडे वेगवेगळ्या मापांच्या तीन रायफली जमल्या होत्या, आणि त्याला आयुष्यातला पहिला सायलेन्सर घ्यायचा होता, एकच, तिन्हींना चालेल असा. दुकानात गेला तर शंभर तऱ्हेचे, आणि प्रत्येकावर छापलंय की आमचाच सगळ्यात गप्प.

"किती डेसिबल लिहिलंय?" काकांनी विचारलं.

अमेयने आकडा सांगितला.

"मायक्रोफोन कुठे ठेवला होता?"

"म्हणजे?"

"मोजताना मायक्रोफोन कुठे ठेवला होता, ते विचार दुकानदाराला. नळीच्या तोंडापाशी, की गोळी झाडणाऱ्याच्या कानापाशी? पुढच्या शनिवारी सांग मला."

फोन ठेवल्यावर काका उभेच राहिले. मग म्हणाले, "मूर्खासारखा आकडा छापतात!" आणि इतके खूश दिसले की मी त्यांना मुद्दाम दोन पोळ्या जास्त वाढल्या.

त्या आठवड्यात खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, आम्ही कॉफी घेत होतो. काकांना विषय काढल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि 'बंदूक' हा शब्द चारचौघांत उच्चारायचं धाडसही नव्हतं. "शेजारच्या टेबलावर पुण्याचे निघाले तर?" शेवटी त्यांनी तिन्ही रायफलींना भावांची नावं दिली. थोरला, मधला, धाकटा. आणि सायलेन्सर म्हणजे टोपी. हीच नावं पुढे फोनवर अमेयशी बोलतानाही रुळली.

"हे बघा," कपाखालची बशी पुढे ओढत ते हलक्या आवाजात म्हणाले, "तिघांत मिळून एकच टोपी शिवायची, तर ती थोरल्याच्या डोक्याच्या मापाने शिवावी लागणार. उलट केलंत तर टोपी फाटेल आणि डोकंही. मधल्याला आणि धाकट्याला ती सैल होणार, म्हणजे थोडा आवाज जास्त. ते चालवून घेता येतं. पण मधला डोक्याने लहान असला तरी तापट आहे, त्याच्या आतला दाब जास्त, टोपी मजबूत हवी. आणि धाकटा मळका. साध्या शिशाची गोळी, तिची घाण आत साठते. बंद टोपी त्याला घातलीत तर वर्षभरात दगड होईल."

"मग?"

"मग काय! थोरल्या-मधल्यात एक भक्कम टोपी. धाकट्याला वेगळी, हलकी, उघडून धुता येईल अशी. आणि तरीही कानात बोळे घालायचेच. टोपी घातली म्हणून कोणी मुका होत नाही."

एवढं स्पष्ट उत्तर ऐकून मी म्हणालो, "काका, मग हे आजच कळवा की त्याला."

काकांनी बशी जागेवर ठेवली. त्याचाही आवाज झाला नाही. "कळवलं, तर पुढच्या शनिवारी काय बोलू?"

एवढ्या उघडपणे ते पुन्हा कधी बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मला सगळं कळत होतं. उत्तर त्यांच्या खिशात तयार होतं, आणि ते हात राखून खर्च करणार होते. एका शनिवारी एकच प्रश्न. गुरुवारपासून तयारी चालायची. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर अमेयला लगेच देता येऊ नये, त्यासाठी दुकानात जावं लागावं, मोजावं लागावं, निदान विचार करावा लागावा. नळीच्या टोकाचे आटे तिघांचे सारखे आहेत का? नळी किती लांब आहे? टोपी जड झाली तर उभ्याने नेम धरताना हात खाली येतो का? कधी कधी प्रश्न ते माझ्यावर आधी वापरून पाहायचे. "लवकर संपतोय का हो हा?" असं विचारायचे.

मुलगाही मोठा चिकट निघाला, बापासारखाच. दर शनिवारी फोन यायचा. आटे मोजून आणले होते, हे सांगताना त्याच्या आवाजात शाळेचा गृहपाठ पुरा केल्याचा तोरा असायचा. आट्यांवरून गोष्ट त्याच्या गॅरेजवर जायची, गॅरेजवरून गळक्या छपरावर, छपरावरून नोकरीतल्या साहेबावर. काका मध्येच "बरं" म्हणायचे. त्या 'बरं'मध्ये पूर्वीसारखा फोन पुढे देण्याचा सूर नसायचा. शनिवारचा इस्त्रीचा शर्ट आता दुपारपर्यंत अंगावर राहायला लागला.

मग काकांनी आपला ठेवणीतला तिसरा प्रश्न काढला. ऐकणारा कुठे उभा असतो?

"मी रायफलच्या मागे," अमेय म्हणाला.

"ते झालं. आणखी कोण असतं? डावीकडे? उजवीकडे?"

"केटी असते डावीकडे. म्हणजे असायची. सध्या ती येत नाही."

"का येत नाही?"

मी पोहे परतत होतो, कालथा थांबवला.

"डॉक्टरांनी तिला अशा आवाजापासून लांब राहायला सांगितलंय," अमेय म्हणाला. आणि मग, "बाबा, सांगणारच होतो."

काकांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते पहिल्यांदा जे बोलले ते त्यांनाच शोभणारं होतं. "तिला सांग, बोळे घालूनही जवळ उभं राहायचं नाही. बाळाला कुठले आलेत बोळे?" अमेय हसला. काकाही हसले. फोन ठेवून ते आत आले, पोह्यांवर खोबरं घालायचं सोडून खोबऱ्याची वाटी हातात घेऊन उभे राहिले.

"आजोबा होणार म्हणे मी," ते म्हणाले. "प्रश्न विचारला म्हणून कळलं."

मी अभिनंदन केलं, पाया पडलो. पण त्यांचं ते शेवटचं वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं. त्यांनाही टोचत असावं. शैला असती तर, असं ते दोनदा म्हणाले, आणि दोन्ही वेळा पुढचं वाक्य गिळून टाकलं.

सायलेन्सरचा निर्णय अखेर करावाच लागला. किती दिवस लांबवणार? काकांनी निकाल दिला: थोरल्या-मधल्याला मिळून एक, थोरल्याच्या मापाचा. अमेयने पैसे भरले, ठसे दिले, परवानगी आली, वस्तू हातात पडली. शेतावरून त्याने फोन केला, "बाबा, ऐका हं." काका फोन कानाला दाबून बसले. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. फोनच असे मोठे आवाज स्वतःहून कापून टाकतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण ते म्हणाले, "वा! फारच छान!" तिकडे पोरगा खूश झाला.

मला मात्र काळजी लागली होती. आता पुढे काय? काकांकडे उत्तर होतं. "धाकट्याची टोपी अजून बाकी आहे," ते म्हणाले. तो विषय त्यांनी मुद्दाम शिल्लक ठेवला होता. त्यात साफसफाईचा प्रश्न होता, वजनाचा होता, धातू कोणता घ्यावा याचा होता. पाच-सहा महिने सहज निघतील असा त्यांचा अंदाज होता.

नात झाली. फोटो आले, काकांनी ते मला इतक्यांदा दाखवले की नाक कोणावर गेलंय यावर माझंही मत तयार झालं. फोन मात्र आखडत गेले. कधी बाळ झोपत नसे, कधी झोपलेलं असे म्हणून बोलता येत नसे. काका समजूतदारपणे "बरं, बरं" म्हणायचे. एका शनिवारी त्यांनी मोठ्या उत्साहाने विचारलं, "मग, धाकट्याचं काय ठरवलंस?"

"धाकटा विकला मी, बाबा," अमेय म्हणाला. "आता कुठे वेळ मिळतोय!"

"बरं केलंस," काका म्हणाले. "उगाच पडून राहिला असता." फोन ठेवला, शर्ट बदलला आणि कॉफी प्यायला खाली गेले. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाले.

त्याच सुमारास माझी नोकरी पक्की झाली, बायको आणि मुलगी आल्या आणि आम्ही पुंगोलला घर घेतलं. सामान हलवण्याच्या दिवशी काकांनी माझ्या मुलीला टेनिसचे बॉल दिले. ती इथल्या शाळेत नुकत्याच उचललेल्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, बट धिस वन ऑल कट ऑलरेडी." खुर्चीसाठी असतात म्हणून काकांनी तिला समजावलं. जाऊन-येऊन राहू म्हणालो होतो. नवीन घराच्या रगाड्यात ते राहून गेलं. पुढे काकांचा इथे काम करायचा पास संपला, ते पुण्याला परत गेले हे मला दुसऱ्याकडून कळलं. फोन केला तर बोलतात, पण दोन मिनिटांत 'बरं' म्हणतात.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते जुन्या घराची किल्ली परत द्यायला गेलो तेव्हा. शनिवारची सकाळ होती. बाहेरची जाळी नुसती ओढलेली होती, दार उघडं. काका इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसले होते. समोर टीपॉयवर रुमालाची घडी, तिच्यावर फोन, स्पीकर चालू. मी हाक मारणार, एवढ्यात त्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

मला वाटलं अमेय बोलतोय. पण फोनमधून कोणी बोलत नव्हतं. नळ चालू होता. भांड्यावर भांडं पडलं. लांबून एक बाई इंग्रजीत काही म्हणाली, एक माणूस हसला. मग लहान मुलाचं रडणं सुरू झालं, आणि तोच माणूस मराठीत म्हणाला, "आलो गं, आलो."

अमेयने बोलणं संपवलं होतं आणि फोन बंद करायला विसरून तो ओट्यावर तसाच ठेवला होता. इकडून काकांनी तो बंद केला नव्हता. आमच्यापैकी कोणी शब्द काढला असता, तर तिकडे ऐकू गेला असता, त्याच्या लक्षात आलं असतं आणि त्याने फोन ठेवला असता.

मी किल्ली टीपॉयवर ठेवायला वाकलो. काकांनी ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली. नात अजून रडत होती. एक बोट ओठांवर तसंच ठेवून दुसऱ्या हाताने ते सोफ्याची उशी हळूहळू थोपटत होते. त्या थोपटण्याचा अजिबात आवाज येत नव्हता. मी दारात चपला हातात घेतल्या आणि जाळी हळूच ओढून निघालो.